पाण्याला पाणी म्हणू द्या

पत्र : माझं माहेर सांगलीचं, मिस्टर घानातल्या कुमासीचे. दोघंही शिकायला म्हणून इंग्लंडला आलो आणि इथलेच झालो. मुलगी अबेना नऊ वर्षांची, जन्म इथला, सरकारी प्राथमिक शाळेत जाते. गेल्या महिन्यात बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं म्हणून दिसलं, ती भांड्यांच्या हिरव्या घासणीने कोपर घासत होती. कातडी सोलवटली होती. खोदून विचारल्यावर म्हणाली, "दोघी मुली म्हणतात माझा रंग हाताला लागतो. शिवाशिवीत मला कोणी शिवतच नाही." त्यातली एक इंग्रज, दुसरी आमच्याच ओळखीच्या भारतीय कुटुंबातली, दिवाळीला आमच्याकडे येतात ती माणसं. टीचर म्हणाल्या, लहान आहेत, मनात काही नसतं. मिस्टर म्हणतात, दुर्लक्ष कर, दुप्पट अभ्यास कर, पहिला नंबर काढ. आई फोनवर म्हणते, उन्हात खेळू देऊ नकोस. डिसेंबरमध्ये सांगलीला जायचंय आणि आतापासून पोटात गोळा येतोय. शाळा बदलू का? तिच्याशी काय बोलू?

उत्तर :

ताई, आधी कोपराचं. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि व्हॅसलीनचा पातळ थर लावा. चार-पाच दिवस तिथे साबण नको. पाणी सुटत असेल, पिवळट खपली धरली असेल किंवा भोवती सूज दिसली तर फार्मासिस्टला दाखवा. घासणी बाथरूममधून निमूटपणे उचलून स्वयंपाकघरात ठेवा, त्यावरून बोलू नका. तिला आधीच लाज वाटते आहे, तुमच्या रागाने ती दुप्पट होईल आणि पुढच्या वेळी दार आतून बंद असेल.

मग बोलणं. समोरासमोर बसवून नको. गाडीत किंवा वेणी घालताना, जिथे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही तिथे मुलं जास्त बोलतात. चार वाक्यं पुरतात : "त्या म्हणाल्या ते खोटं आहे. त्याला वर्णद्वेष म्हणतात. तुझं काही चुकलेलं नाही. हे थांबवायचं काम आम्हा मोठ्यांचं आहे." मग गप्प राहा आणि ती काय बोलते ते ऐका. इथे बहुतेक घरांत तीन चुका होतात. आईला रडू फुटतं, आणि मूल आईला जपायला म्हणून पुढचं सांगणं बंद करतं. किंवा "मग तू काय म्हणालीस?" असं विचारलं जातं, म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारी तिच्याच गळ्यात पडते. किंवा घाईघाईने "तू तर किती गोड दिसतेस" म्हणून विषय मिटवला जातो. ती दिसण्याबद्दल विचारतच नव्हती. तिला शिवत नाहीत, ही तिची तक्रार आहे. मराठी घरात या क्रियापदाचं वजन समजावून सांगायला लागू नये.

तुमच्या सासरी, अकान लोकांत, आठव्या दिवशी बाळाचं नाव ठेवतात. तेव्हा त्याच्या जिभेवर पाण्याचा एक थेंब आणि दारूचा एक थेंब ठेवतात आणि सांगतात : पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण. खरं बोल, एवढाच त्याचा अर्थ. अबेनाचा हा विधी झाला असेल तर फोटो काढून दाखवा, झाला नसेल तर गोष्ट सांगा आणि आपल्याकडचं बाराव्या दिवसाचं बारसंही त्याला जोडून सांगा. मात्र जिला असं सांगून नाव दिलं, तिच्यावर घडल्या गोष्टीला गंमत म्हणायची पाळी आणू नका.

मिस्टरांच्या सल्ल्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : त्यांचा हेतू चांगला आहे, पण या वयाच्या मुलीला हा सल्ला पुरत नाही. ते कुमासीत वाढले. तिथे शिक्षक, डॉक्टर, पोलीस, नोटेवरचे चेहरे, सगळे त्यांच्यासारखे. 'काळा माणूस' हे लेबल त्यांना विमानातून उतरल्यावर चिकटलं; तोवर ते अमक्या घरचे, तमक्या शाळेचे, एवढेच होते. त्यामुळे इथे कोणी काही बोललं की त्यांच्या पायाखाली वीस-पंचवीस वर्षांची जमीन असते. तुमच्याही असते, सांगलीची. आफ्रिकेतून आलेल्या कित्येक आईवडिलांच्या हे लक्षातच येत नाही की त्यांचं मूल त्या जमिनीवर कधी उभंच राहिलेलं नाही. जिथे जन्मलं तिथेच त्याला "तू मूळची कुठली?" हा प्रश्न ऐकावा लागतो. आणि दुप्पट अभ्यास केला की शिवाशिवीत शिवतील असं काही होत नाही. पहिला नंबर आला तरी ती एकटी पडते, आणि नाही आला तर तिला वाटतं की आपण कमी पडलो म्हणूनच हे भोगतोय. मिस्टरांना म्हणावं, अभ्यासाचं राहू दे, आधी तुझ्या लहानपणाच्या गोष्टी सांग. गल्लीतला फुटबॉल, हेडमास्तरांचा मार, आजीचं फुफू कुटणं. आठवड्यातून एकदा कुमासीला व्हिडिओ कॉल आणि त्यात बोलणं चुलत भावंडांचं आपापसात, मोठ्यांचं नको.

आता शाळा. हा भाग सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच अडकतात. तुम्ही टीचरशी दारात उभ्या राहून बोललात. ते बोलणं कागदावर कुठेही नाही. तेव्हा आजच एक वही करा. प्रत्येक प्रसंगाला तारीख, वेळ, जागा (मैदान, जेवणाची रांग, वर्ग), नेमके शब्द जसेच्या तसे, कोण ऐकत होतं, अबेनाने कोणाला सांगितलं आणि त्या मोठ्या माणसाने काय केलं. "सतत त्रास देतात" असं लिहू नका, त्याला शाळेकडे उत्तर तयार असतं. "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत शिवाशिवी खेळताना अमुक म्हणाली की तुझा रंग लागतो" याला नसतं. कोपराचा फोटो तारखेसह ठेवा, पण तो शाळेत कोणाच्या फोनवर फिरू देऊ नका.

मग क्लासटीचरला ईमेल, प्रत हेडटीचरना. एका पानाच्या आत. आधी काय घडलं ते, मग मुलीवर झालेला परिणाम (घासणीचा प्रसंग दोन ओळींत), आणि शेवटी चार प्रश्न. हा प्रसंग वर्णद्वेषी प्रसंग म्हणून नोंदवला का? मैदानावर सुट्टीत नेमकं कोण लक्ष ठेवणार आहे? शाळेची वर्तणुकीची आणि छळविरोधी पॉलिसी पाठवाल का? मला लेखी उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल? पाच शाळेचे दिवस थांबा. पहिला प्रश्न मुद्दाम पहिला ठेवला आहे. असे प्रसंग कौन्सिलला, म्हणजे स्थानिक नगरपालिकेला, कळवण्याची कायदेशीर सक्ती आज इंग्लंडमधल्या शाळांवर नाही, त्यामुळे नोंद आपोआप होईल असं धरून चालू नका.

"मनात काही नसतं" याला उत्तर आहे. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच्या तपासाच्या चौकशीचा मॅकफर्सन अहवाल १९९९ साली आला. त्यातली व्याख्या अशी की ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याला किंवा दुसऱ्या कोणालाही तो वर्णद्वेषी वाटला, तर तो तसा धरून तपासायचा. करणाऱ्याच्या मनात काय होतं, हा पुढचा प्रश्न. आणि लहान मुलांना रंग कळत नाही हे तर खरंच नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्याने १९४० च्या सुमाराला तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या, तर बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली. तीन वर्षांच्या मुलांना जे कळतं, ते अबेनाच्या वर्गात कळत नसेल कसं?

कायद्याबाबत एक गैरसमज सर्रास होतो, तोही काढून टाकतो. २०१० चा इक्वालिटी ॲक्ट, म्हणजे समानता कायदा, एका विद्यार्थ्याने दुसऱ्याशी कसं वागावं याला थेट लागू होत नाही, त्यामुळे "तुमच्या वर्गातल्या मुलीने कायदा मोडला" असं पत्रात लिहिलंत की शाळा ते शांतपणे खोडून काढेल. कायदा शाळेला बांधतो. इतर छळ जितक्या गांभीर्याने हाताळला जातो, तितक्याच गांभीर्याने हा हाताळला नाही, तर तिथे शाळा अडचणीत येते. शिवाय याच कायद्याने सरकारी शाळेवर भेदभाव दूर करायची आणि मुलामुलांत चांगले संबंध वाढवायची जबाबदारी आहे. त्यासाठीची उद्दिष्टं तिने किमान चार वर्षांतून एकदा ठरवून जाहीर करायची असतात. ती वेबसाइटवर शोधा, छापा आणि भेटीला जाताना बरोबर न्या. दुसऱ्यांच्या कायद्यापेक्षा आपल्याच कागदावरची ओळ वाचून दाखवली की माणसं लवकर हलतात.

भेटीला दोघं जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. मिस्टर आवाज न चढवताही बोलले तरी 'आक्रमक' ठरवले जाण्याची शक्यता आहे. ते अन्यायाचं आहे, पण खरं आहे. म्हणून कोणी काय बोलायचं हे घरीच ठरवा, आणि आल्याआल्या त्याच संध्याकाळी "आज असं ठरलं" असा तीन ओळींचा ईमेल पाठवा. एका गोष्टीला ठाम नकार द्या : तिघींना एकत्र बसवून एकमेकींना सॉरी म्हणायला लावणं. भांडण दोघांचं असतं तेव्हा ते चालतं. इथे अबेनाला पुन्हा त्या दोघींसमोर बसवून, "ठीक आहे" म्हणायला भाग पाडतात. त्याऐवजी मागा : त्या दोघींशी आणि त्यांच्या पालकांशी वेगळं बोलणं, सुट्टीत मैदानावर ठरलेला एक मोठा माणूस, आणि अबेनाने निवडलेली एक विश्वासाची व्यक्ती, मग ती जेवण वाढणारी बाई का असेना.

उत्तर आलं नाही किंवा आलं ते गुळमुळीत असलं, तर शाळेच्या तक्रार पॉलिसीप्रमाणे लेखी तक्रार हेडटीचरकडे, मग गव्हर्नर्सच्या (शाळेच्या नियामक मंडळाच्या) अध्यक्षांकडे, मग पॅनेलपुढे. शाळा अकादमी, म्हणजे कौन्सिलच्या हाताखाली नसलेली सरकारी खर्चाची शाळा, असेल तर त्या पॅनेलवर एक सदस्य शाळेच्या कारभाराबाहेरचा असावाच लागतो. तिथेही भागलं नाही तर शिक्षण खातं. शाळेकडे अबेनाबद्दल काय लिहून ठेवलंय ते मागता येतं. कौन्सिलच्या शाळेत पालकाला शैक्षणिक नोंद पंधरा शालेय दिवसांत मिळायला हवी, आणि अकादमीत डेटा संरक्षण कायद्याखाली मागितली तर साधारणपणे एक महिन्यात. आणि ही तारीख आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहा : शाळेने वर्णावरून भेदभाव केला असा दावा काउंटी कोर्टात करायचा तर प्रसंगापासून सहा महिन्यांना एक दिवस कमी, इतकीच मुदत असते. तक्रारीच्या पायऱ्या चढताना ती निघून जाते आणि कोणी आठवण करत नाही.

त्या भारतीय कुटुंबाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण जीव तिथेच जास्त दुखावलेला दिसतो. त्यांना आधी फोन करू नका. फोन केलात की ती तुमची आपसातली बाब होईल, "आमची मुलगी असं बोलूच शकत नाही" इथे संपेल, आणि शाळा हात झटकेल. शाळेला दोन्ही नावं द्या, फक्त इंग्रज मुलीचं नको. अबेना बघते आहे आई कोणाला सूट देते ते. शाळेने त्यांना बोलावल्यावर मग भेटा, आणि तेव्हा बोलणं थोडंच ठेवा : "तुमच्या मुलीने हे शब्द वापरले. माझ्या मुलीने घासणीने कातडी सोलून काढली. तुमच्या घरी काय बोललं जातं ते तुम्ही बघा." आपल्या लोकांत 'काळे' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो, ते तुम्ही ऐकलेलं आहे. नऊ वर्षांच्या मुलीने तो सूर स्वतः शोधून काढलेला नाही. त्यांनी मैत्री तोडली तर दिवाळीला एक घर कमी. चालेल.

अबेनाला मैदानावर म्हणायला एक छोटं वाक्य द्या, इंग्रजीतच, कारण तिथे तीच भाषा चालते : "स्टॉप. दॅट्स रेसिस्ट. आयम टेलिंग." घरी पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणवून घ्या, हात खाली, आवाज पोटातून. म्हणायचं आणि वळून ठरलेल्या मोठ्या माणसाकडे चालायला लागायचं. मात्र बजावून सांगा की हे म्हणता आलं नाही तरी काही बिघडत नाही. घरी बोलावंसं वाटलं नाही तर चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा ०८०० ११११ हा नंबर फुकट आहे, तो तिला पाठ असू द्या.

केसांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो, कारण रंगानंतर हात केसांनाच जातो. आपली बारीक दातांची फणी या केसांना चालत नाही. कोरडे केस विंचरायचे नाहीत, तुटतात. सात ते दहा दिवसांनी एकदा धुवा. आदल्या रात्री खोबरेल लावलं तर उत्तम. ओल्या केसांचे सहा-आठ भाग करून चिमट्याने वेगळे ठेवा, एकेका भागाला भरपूर कंडिशनर, मग बोटांनी आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे. वरून खाली ओढलं की सगळी गाठ टोकाला जमते आणि मूल रडतं. मग लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचं) कंडिशनर, टोकांना थोडं शिया बटर, आणि वेण्या. कपाळाच्या कडेची कातडी ताणलेली दिसली किंवा बारीक पुळ्या आल्या तर वेण्या घट्ट झाल्या आहेत, लगेच सोडा, नाहीतर तिथले केस कायमचे विरळ होऊ शकतात. सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त एकच वेणी ठेवू नका. रात्री साटिनची टोपी, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो. दीड तास जातो. तो दीड तास हीच तुमची बोलायची जागा. शाळेने उद्या कॉर्नरो, म्हणजे डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक, वेण्यांवर बोट ठेवलं तर सांगा, लंडनमधल्या एका शाळेची अशी बंदी उच्च न्यायालयाने २०११ साली वांशिक भेदभाव ठरवली आहे, आणि समानता व मानवाधिकार आयोगाने २०२२ मध्ये शाळांना केसांवरून भेदभाव टाळण्याची मार्गदर्शिकाही दिली आहे.

शाळा बदलू का? आत्ता नको. मुलीला ती शिक्षाच वाटते : त्यांनी छळलं आणि मी गेले. पण सहा आठवडे लेखी पाठपुरावा करूनही मैदानावर काही बदललं नाही, किंवा रविवारी संध्याकाळी पोट दुखणं, झोप न लागणं, पुन्हा कातडी घासणं सुरू राहिलं, तर जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवा आणि कौन्सिलकडे वर्षाच्या मध्ये प्रवेशासाठी अर्ज करा. नवी शाळा बघायला जाल तेव्हा तिथे किती काळी मुलं आहेत यापेक्षा शिक्षकांच्या खोलीत कोण बसलंय ते बघा.

डिसेंबर आणि सांगली. आईशी आत्ताच बोला, विमानतळावर नको. "उन्हात खेळू देऊ नकोस" हे वाक्य आणि घासणी, दोन्ही एकाच कामाची आहेत. हे आईला मराठीतच, याच शब्दांत सांगा. घासणीचं ऐकल्यावर कोणतीही आजी गप्प होईल. गोरं करणाऱ्या क्रीमची ट्यूब, हळद-बेसनाचं उटणं "उजळायला" म्हणून, आणि 'हबशी' हा शब्द, तिन्ही घराबाहेर. उटणं सणाचं म्हणून लावा, हरकत नाही, पण कारण सांगताना जपा. भावाच्या मुलांनाही आधीच सांगून ठेवा, केसांना न विचारता हात लावायचा नाही.

'हबशी' म्हणजे हबशाचा, ॲबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा. शिवी ती आपण केली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला, १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. घाना आणि इथिओपिया यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे, तेव्हा "तुझे पूर्वज" असं सांगू नका. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत हेही मुलीला कळू द्या. पण सांगलीहून जमलं तर तिला संभाजीनगरला न्या आणि मलिक अंबरने बांधवलेली पाण्याची नहर दाखवा. सत्यशोधकांची आठवण असलेलं घर असेल तर आईला हेही सांगा की जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना.

रस्त्यावर लोक टक लावून बघतील, कोणी फोटो मागेल. "भारतात असं काही नसतं" असं अबेनाला सांगून ठेवू नका. २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं होतं, आणि मोठी झाल्यावर ती हे वाचणारच आहे. "काही लोक बघतील, फोटोला नाही म्हणायचं, मी शेजारीच असेन" एवढं पुरे. बाजारात तिचा हात तुमच्या हातात असू द्या.

अबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेली, हे आजीला आधी कळवा. मंगळवारी गणपतीला जायचा नेम असेल तर त्या दिवशी तिला बरोबर न्यावं. आणि पहिल्याच रविवारी आजीला पाटावर बसवून कंगवा अबेनाच्या हातात द्या. कसं विंचरायचं ते तिनेच आजीला शिकवू दे : ओले केस, आठ भाग, टोकाकडून मुळाकडे.